एआय सहायकाकडून संशोधनाचा कोड लिहून घेताना

एक विद्यार्थी दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागेच्या स्वयंचलित हवामान केंद्राची फाइल घेऊन माझ्याकडे आला होता. द्राक्षवेलीवरील केवडा या रोगाचा धोका कोणत्या काळात वाढला हे त्याला पाहायचे होते, आणि पावसाची मासिक बेरीज करणारा पायथॉन कोड त्याने एआय सहायकाकडून लिहून घेतला होता. कोड एकही त्रुटी न दाखवता चालला; आलेखात मात्र जुलै महिना कोरडा ठणठणीत होता. इगतपुरीकडे भाताची आवणी चाललेली असताना दिंडोरीत महिनाभर थेंबही नाही, ही गोष्ट नाशिकच्या माणसाला पटणारी नव्हती. शोध घेतल्यावर कळले, की जुलैत केंद्राची बॅटरी बंद पडल्याने नोंदीच झालेल्या नव्हत्या, आणि पांडाज या पायथॉनच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) सगळ्या नोंदी रिकाम्या असल्या तरी बेरजेचे उत्तर शून्य येते. ‘मिन काउंट’ हा पर्याय 1 ठेवला असता, तर तिथे शून्याऐवजी रिकामी जागा दिसली असती. ‘नोंद नाही’ आणि ‘पाऊस नाही’ यांतला फरक सहायकाला कुणी सांगितलाच नव्हता.

यासाठी कोड मागण्यापूर्वी माहितीविषयीचे आपले निर्णय कागदावर लिहून काढावेत आणि तेच सहायकाला द्यायच्या सूचनेत घालावेत. हुकलेली नोंद कोणत्या आकड्याने दाखवली आहे? भारतीय हवामान विभागाच्या पावसाच्या ग्रिड फायलींत (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा पाऊस देणाऱ्या फायलींत) त्यासाठी -999 वापरलेला असतो, आणि तो सरासरीत मिसळला तर पाऊस उणे येतो. अशी चूक निदान डोळ्यांत तरी भरते. पावसाचा दिवस कधी संपतो? विभागाची चोवीस तासांची नोंद सकाळी साडेआठला होते, त्यामुळे 14 तारखेच्या दुपारची सर 15 तारखेच्या नावावर जाते. बागेतले केंद्र मध्यरात्रीला दिवस बदलत असेल, तर दोन्ही माहितीसंच तसेच जोडता येत नाहीत. तारखेचा साचाही उघड लिहावा. आपण 05/07/2023 ही तारीख 5 जुलै अशी वाचतो, पांडाज मात्र वेगळे सांगितले नाही तर ती 7 मे अशी वाचते. लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत 13/07 ही तारीख मुकाट्याने बरोबर वाचली जात असे, त्यामुळे महिन्याचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरले जात आणि उरलेले जागच्या जागी राहत.

कोड हाती आल्यावर तो मोठ्या फायलीवर लगेच चालवू नये. आठ-दहा ओळींचा लहानसा संच घ्यावा, उत्तर हाताने काढावे आणि मग ताडून पाहावे. उदाहरणार्थ, द्राक्षाच्या वाढीसाठी उष्णता-दिवस मोजताना कमाल व किमान तापमानाच्या सरासरीतून 10 अंश वजा करतात. कमाल 32 आणि किमान 14 असल्यास उत्तर 13 येते, आणि इथे बहुतेक कोड बरोबर ठरतो. आता निफाडच्या कडाक्याच्या थंडीतला दिवस घ्यावा: कमाल 26, किमान 4. सरळ सूत्राने उत्तर 5 येते. परंतु किमान तापमान आधी 10 वर आणून मग सरासरी काढली, तर ते 8 होते. या दोन्ही पद्धती संशोधनात वापरल्या जातात, म्हणून सहायकाने कोणती उचलली हे कोड वाचूनच ठरवावे लागते. चाचणीसाठी अशीच कडेची उदाहरणे निवडावीत. ज्या सहायकाने कोड लिहिला, त्याच्याकडूनच चाचण्या लिहून घेणे मला फारसे उपयोगाचे वाटत नाही, कारण कोडमधले गृहीतकच बहुधा चाचणीतही उतरते.

सहायकाने ‘सुधारून’ दिलेला कोडही पुन्हा तपासावा. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, काढताना नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी एकूण नोंदींच्या संख्येने भागते, तर पांडाज त्यातून एक वजा करून भागते. त्यामुळे वेग वाढवण्यासाठी केलेल्या निरुपद्रवी बदलातही लहान नमुन्याचे आकडे सरकतात. प्रत्येक बदल गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) स्वतंत्रपणे नोंदवला, तर उत्तर कुठे बदलले ते सापडते.

सहायक कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे (इंटरनेटवरून घेऊन बसवायच्या तयार कोडचे) नाव आत्मविश्वासाने सुचवतो, आणि त्याच नावाने कुणी घातक पॅकेज चढवून ठेवलेले असू शकते. अधिकृत दस्तऐवज पाहिल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नये. शेतकऱ्यांची नावे, गट क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि सर्व्हरचे पासवर्ड सूचनेत चिकटवू नयेत. स्तंभांची नावे आणि चार काल्पनिक ओळी दिल्या तरी सहायकाचे काम भागते.

शोधनिबंध पाठवताना त्या नियतकालिकाचे नियम आधी वाचावेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2023 मध्ये स्पष्ट केले, की एआय साधनाला लेखक म्हणून दाखवता येणार नाही आणि त्याचा वापर उघड करावा लागेल. इतर अनेक प्रकाशकांची भूमिकाही अशीच आहे. पद्धतीच्या भागात साधनाचे नाव, आवृत्ती, वापराचा काळ आणि कोडचा कोणता भाग त्याच्याकडून घेतला हे लिहावे, आणि हाताने सोडवलेली ती आठ-दहा ओळींची फाइल कोडच्या शेजारीच जोडावी.