गाडीचा आणि घराचा विमा: कंपनी निवडताना कुणाला काय विचारायचं

‘तुमची विमा कंपनी कुठली? बरी आहे का?’ असं शेजाऱ्याला विचारलं की ‘चांगली आहे, काही त्रास नाही’ हे उत्तर ठरलेलं. बहुतेक वेळा त्या शेजाऱ्याने पाच वर्षांत एकही क्लेम केलेला नसतो. हप्ता भरला आणि पॉलिसीची पीडीएफ आली, एवढाच त्याचा अनुभव. तो कुठल्याही कंपनीचा सारखाच असतो. म्हणून पहिला प्रश्न हा ठेवा: ‘क्लेम केला होता का, आणि कधी?’ उत्तर ‘नाही’ आलं तर चहा प्या आणि विषय बदला.

क्लेम गेल्या दोन वर्षांतला असावा, तुमच्याच भागातला असावा. एकाच कंपनीचं पुण्यातलं काम चोख आणि नांदेडात रखडलेलं असू शकतं, कारण सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) आणि गॅरेजचं जाळं जागेनुसार बदलतं.

गाडीच्या पॉलिसीचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या भागाचा, हप्ता केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळीकडे एकच. जून २०२२च्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला ३,४१६ रुपये. कंपन्यांची चढाओढ चालते ती ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, ओडी भागावर. तिथे ७०-८० टक्के सूट दाखवणाऱ्या दोन कोटेशनची तुलना करण्याआधी दोन्हीकडे आयडीव्ही एकच टाका. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा भंगारात निघाली तर मिळणारी कमाल रक्कम. ती ५० हजारांनी खाली आणून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

अनुभव ऐकताना बिल मागा

‘कंपनीने पैसे कापले’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. त्यातली बरीचशी कपात पॉलिसीतच लिहिलेली असते. ती कुठलीही कंपनी करेल. कपात कशाची होती हे कळल्याशिवाय त्या अनुभवाला काही किंमत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. गाडी साडेतीन वर्षांची, १२०० सीसीची. मागून ठोकर बसली. बंपर ६,००० रुपये, डिकीचं पत्र्याचं दार ८,०००, रंगकाम ८,०००, मजुरी ४,०००, क्लिपा आणि नट-बोल्ट ४००. एकूण २६,४००, जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, म्हणून बंपरचे ३,००० गेले. पत्र्याच्या भागावर घसारा गाडीच्या वयानुसार, तीन ते चार वर्षांना २५ टक्के, म्हणजे २,००० गेले. रंगकामाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १,०००. क्लिपा-बोल्टांचे ४०० ‘कन्झ्युमेबल्स’मध्ये गेले. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये मालकाने सोसायचेच. एकूण ७,४०० पदरचे, कंपनीकडून १९,०००.

हाच माणूस ‘सात हजार बुडवले’ म्हणून एक तारा देतो. त्याने झिरो डेप (घसारा न कापणारं जोड-कव्हर) घेतलं असतं तर फक्त १,४०० गेले असते, आणि जोडीला कन्झ्युमेबल्सचं कव्हर घेतलं असतं तर १,०००. दोष निवडलेल्या कव्हरचा होता.

कंपनीचा दोष वेगळ्या ठिकाणी दिसतो. सर्व्हेअर चार दिवस आला नाही. झिरो डेप असूनही ‘बंपर बदलू नका, जोडून घ्या’ म्हणून अडून बसले. एकच आरसी बुक तीनदा मागितलं. गाडी तयार झाल्यावर कॅशलेसचं पत्र अडवून मालकाला रोख भरायला लावलं. अशा गोष्टी दोन-तीन अनोळखी माणसांकडून स्वतंत्रपणे ऐकू आल्या तर त्या कंपनीवर काट मारा.

आणि काही क्लेम नाकारले जातात ते मालकाच्याच चुकीने, पण सांगताना ती चूक गळते. खोदून विचारा. सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलं होतं का? चालकाचं लायसन्स चालू होतं का? खासगी गाडी भाड्याने फिरत होती का? सर्व्हेअर येण्याआधीच गाडी खोलली का? मागच्या वर्षी क्लेम करूनही ‘नो क्लेम बोनस’ (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) घेतला होता का? सेकंडहँड गाडी घेतल्यावर पॉलिसी १४ दिवसांत नावावर करायला अर्ज केला का? पाणी भरलेल्या रस्त्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून इंजिन जाम केलं असेल आणि इंजिन प्रोटेक्टचं जोड-कव्हर घेतलं नसेल, तर कुठलीच कंपनी इंजिनाचे पैसे सहज देणार नाही.

ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना पाच ताऱ्यांचे आधी बाजूला काढा. ते बहुतांशी पॉलिसी घेतल्याच्या दिवशीचे असतात, एजंटने ‘साहेब, तेवढं रेटिंग द्या’ म्हटल्यावर टाकलेले. एका ताऱ्याच्या निम्म्या तक्रारी नूतनीकरणाच्या फोनच्या भडिमाराबद्दल असतात. कामाचं साहित्य दोन ते चार ताऱ्यांत सापडतं. नवे आधी लावा आणि ‘सर्व्हेअर’, ‘कॅशलेस’, ‘अप्रूव्हल’, ‘टोटल लॉस’ हे शब्द शोधा. टोटल लॉसचे अनुभव आवर्जून वाचा: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, आणि ७० टक्क्यांच्या आसपासच्या अंदाजपत्रकावर कोण कसं वागतं तिथे कंपनीचा खरा स्वभाव दिसतो.

गॅरेजच्या बॉडीशॉपमध्ये अर्धा तास

मालकाला आयुष्यात दोन-तीन क्लेमचा अनुभव असतो, बॉडीशॉपच्या सल्लागाराला आठवड्यात तेवढा मिळतो. शोरूमच्या विक्री काउंटरवर विचारू नका. त्यांना पॉलिसीमागे कमिशन मिळतं आणि ते त्याच कंपनीचं नाव घेतील. मागे, जिथे ठोकलेल्या गाड्या उभ्या असतात, तिथे जा. एक अधिकृत आणि एक सर्व कंपन्यांच्या गाड्या घेणारं गॅरेज, अशा दोन्हीकडे विचारा:

– अंदाजपत्रक पाठवल्यावर कुणाचं अप्रूव्हल सर्वांत लवकर येतं?
– गाडी सोडायचा डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे कंपनीचं परवानगीपत्र) कोण वेळेवर देतं, कोण संध्याकाळी सातपर्यंत लटकवतं?
– खोलल्यावर आणखी नुकसान सापडलं तर दुसऱ्यांदा पाहणीला कोण येतं?
– तुमचे स्वतःचे पैसे कुणाकडे अडकले आहेत?

शेवटच्या प्रश्नावर माणूस हसला तर थांबा, पुढे जे बोलेल ते ऐकण्यासारखं असतं. कारण ज्या कंपनीकडे पैसे अडकतात तिचं कॅशलेस काम गॅरेजवाला केव्हाही बंद करतो, आणि वेबसाइटवरच्या यादीतलं नाव मात्र तसंच राहतं. म्हणून यादीत पिनकोड टाकून निघालेल्या गॅरेजला स्वतः फोन करून खात्री करा. कणकवली, उमरगा, किनवटसारख्या ठिकाणी राहत असाल तर हीच गोष्ट सर्वांत निर्णायक. गाडी टोचन करून दुसऱ्या जिल्ह्यात न्यावी लागणार असेल तर ‘देशभर हजारो गॅरेज’ या जाहिरातीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

आकडे पाहायचे तर कुठले

जाहिरातीतलं ‘९८ टक्के क्लेम मंजूर’ फसवं असतं. २६,४००च्या बिलात १९,००० दिले तरी तो मंजूरच, आणि त्या टक्केवारीत आरोग्य विमा, पीक विमा सगळं एकत्र कालवलेलं असू शकतं. दुसरा आकडा असतो ‘इन्कर्ड क्लेम रेशो’चा. जमा हप्त्यांच्या तुलनेत क्लेमचा बोजा किती, हे तो सांगतो. तुमचा क्लेम किती दिवसांत सुटेल याचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनी आपल्या वेबसाइटवर ‘पब्लिक डिस्क्लोजर्स’ या सदरात दर तिमाहीला ठरावीक तक्ते टाकते. त्यातले तीन उघडा: एनएल-३७, एनएल-३९ आणि एनएल-४५. पहिल्यात मोटर ओडीचा रकाना बघा: किती क्लेम आले, किती दिले, किती नाकारले, किती प्रलंबित. दुसऱ्यात क्लेम मिटायला किती काळ लागला ते कळतं, तिसऱ्यात तक्रारी. कंपनीच्या आकारमानाने आकडे लहान-मोठे असणारच, तेव्हा नाकारलेल्यांचं आलेल्यांशी प्रमाण काढा. चार तिमाहींचं काढलंत तर जास्त बरं, कारण एखाद्या पुराच्या तिमाहीने चित्र बिघडतं.

घराच्या विम्याला मात्र हे तक्ते फारसे कामाचे नाहीत. तो ‘फायर’च्या रकान्यात जातो, तिथे तुमच्या फ्लॅटशेजारी कुणाची तरी सूतगिरणी बसलेली असते.

घराचं गणित निराळं

घराचा क्लेम केलेला माणूस ओळखीत सापडणं कठीण. शोधायचंच तर जिथे पाणी शिरलं तिथे शोधा: चिपळूण (जुलै २०२१), सांगली-कोल्हापूर (२०१९ आणि २०२१), पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्या (जुलै २०२४). तिथल्या व्यापाऱ्यांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना कंपन्यांचं वागणं तोंडपाठ असतं. विचारायचं हे: पाणी ओसरल्यावर सर्व्हेअर किती दिवसांनी आला, चिखल काढायला परवानगी दिली की घर तसंच ठेवायला लावलं, फ्रिज-सोफ्याची बिलं वाहून गेली तेव्हा फोटोंवर भागवलं की हात वर केले. सगळ्या शहराचे क्लेम एकदम येतात तेव्हा जी कंपनी बाहेरून जादा सर्व्हेअर आणते, तीच आपली.

मूळ पॉलिसीत निवडीला फार वाव नाही. एप्रिल २०२१पासून सर्व कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. विम्याची रक्कम बाजारभावावर नसते, पुन्हा बांधायला किती लागेल त्यावर असते. ६५० चौरस फुटांचा फ्लॅट ९० लाखांचा असेल, पण बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २,२०० धरला तर विमा १४ लाख ३० हजारांचा. घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ८६ हजार मिळतात (कमाल मर्यादा १० लाख). जास्त सामान असेल तर यादी देऊन रक्कम वाढवा. दागिने, चित्रं यांचं कव्हर वेगळं.

नाराजी उगम पावते ती दोन ठिकाणी. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून झिरपणाऱ्या पाण्याने भिंत खराब झाली, तर ते यात बसत नाही. आणि साधी घरफोडीही यात नाही. आग, पूर अशी घटना घडल्यानंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतंच कव्हर आहे. घरफोडीसाठी जोड-कव्हर किंवा वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तुलना त्या जोड-कव्हरांची करा, आणि घर महिनाभर कुलूपबंद राहिलं तर काय, हे लेखी विचारा. मुलांकडे अमेरिकेला सहा महिने जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

गृहकर्जासोबत बँकेने दिलेली पॉलिसी एकदा उघडून बघा. ती अनेकदा कर्जाच्या रकमेची असते आणि त्यात सामान धरलेलंच नसतं. ठरावीक कंपनीचाच विमा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. आणि घर-गाडी एकाच कंपनीकडे दिल्यावर मिळणारी छोटी सूट पाहून भुलू नका, दोन्हीचे अनुभव स्वतंत्र तपासा.

पैसे भरण्याआधीची चाचणी

दोन कंपन्या उरल्या की रविवारी रात्री नऊला त्यांच्या क्लेम क्रमांकावर फोन लावा. विक्रीच्या क्रमांकावर लावू नका, तो पहिल्या रिंगला उचलतात. विचारा: झिरो डेपचे क्लेम वर्षाला किती, गाडी किती वर्षांची होईपर्यंत ते मिळतं, माझ्या तालुक्यात पाहणी व्हिडिओवर होईल का. हेच प्रश्न मेलने पाठवा. उत्तर किती दिवसांत आलं आणि प्रश्नाचं आलं की नुसतं ‘आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात’ एवढंच आलं, ते बघा. मेल जपून ठेवा.

मोजायला नियमही हाताशी ठेवा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने सात दिवसांत निर्णय घ्यायचा. लोकांचे अनुभव या पट्टीला लावा: ‘फार उशीर झाला’ म्हणजे नेमके किती दिवस?

बिनसलंच तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५. कंपनीने फेटाळलं किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची, मुदत एक वर्षाची. लोकपालाकडे जाऊन आलेला कुणी भेटला तर त्याला एवढंच विचारा: लोकपालाचं पत्र गेल्यावर कंपनीने सुनावणीआधीच पैसे दिले का? सुनावणीआधी जी पटकन देते, तिने आधी विनाकारणच अडवलेलं असतं.