लिनक्सशी खेळताना या चुका टाळा

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा नाद लागलेल्या माणसाचं मशीन सहसा आपणहून बिघडत नाही. ते छान चाललेलं असतं, सुट्टीची दुपार मोकळी असते आणि ‘हे जरा आणखी नीट करून बघू’ अशी हुक्की येते. संध्याकाळी काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उरतात. यातले बरेच अपघात टाळता येतात, कारण पुढे काय होणार ते मशीनने आधीच लेखी कळवलेलं असतं. आपण न वाचता ‘वाय’ (म्हणजे ‘हो’) दाबून मोकळे होतो.

‘वाय’ दाबण्याआधी

ॲप्टसारखा पॅकेज मॅनेजर (प्रोग्रॅम टाकणारं-काढणारं साधन) कामाला लागण्याआधी याद्या दाखवतो: नवीन काय येणार, अपग्रेड काय होणार, काढलं काय जाणार. पहिल्या दोन नजरेखालून घातल्या तरी पुरे. तिसरी मात्र वाचायचीच. एखादा छोटा प्रोग्रॅम टाकताना ढीगभर पॅकेजं काढायची भाषा सुरू झाली आणि त्यात तुमच्या डेस्कटॉपचं (खिडक्या-मेनू दाखवणाऱ्या भागाचं) नाव दिसलं, तर ‘एन’ दाबून बाहेर पडा.

नोव्हेंबर 2021 मध्ये हे सगळ्या जगाने पाहिलं. एका गाजलेल्या यूट्यूब चॅनेलवर पॉप ओएस या लिनक्सच्या प्रकारात स्टीम हा गेमचा प्रोग्रॅम टाकण्याचा प्रयत्न चालू होता. पॅकेजांच्या डिपेंडन्सीत (कोणाला कोण लागतं या नोंदीत) घोळ होता, त्यामुळे स्टीम हवं असेल तर डेस्कटॉपच काढावा लागेल असं ॲप्टने लिहून दाखवलं आणि तरीही पुढे जायचं असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य टाइप करायला सांगितलं. ते टाइप झालं आणि डेस्कटॉप गेला. मूळ चूक पॅकेज बनवणाऱ्यांची होती, हे खरं. पुढे ॲप्टमध्येही हा रस्ता आणखी कडक केला गेला. पण इशारा समोर असताना लोक तो कसे ओलांडतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

घरच्या मशीनवर असा घोळ बहुतेकदा सरमिसळीतून होतो. डेबियन या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या प्रकारावर) उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोचे पीपीए (पॅकेजांचे बाहेरचे साठे) जोडायचे, स्टेबल (पक्क्या) आवृत्तीत टेस्टिंग (चाचणीतल्या) आवृत्तीची चार पॅकेजं ओढायची, कुठल्याशा ट्यूटोरियलमधला रेपो (पॅकेजांचा साठा) घुसवायचा. डेबियनची मंडळी अशा सिस्टिमला ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात. आर्च या डिस्ट्रोवाल्यांची चूक वेगळी. तिथला पॅकेज मॅनेजर पॅकमन. ‘पॅकमन -एसवाय’ करून एकच पॅकेज टाकलं की पॅकेजांची यादी आजची होते आणि बाकीची सिस्टिम महिन्यापूर्वीची राहते. नवीन पॅकेजला नवीन लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारा सामायिक कोड) हवी असते, ती आलेलीच नसते. तिथे ‘-एसवाययू’ करून सगळं एकदम अपग्रेड करायचं, नाहीतर काहीच करायचं नाही.

डीडी आणि चुकीची डिस्क

डीडी ही कमांड इमेज किंवा डेटा थेट डिस्कवर लिहिते आणि काही विचारत नाही. ‘ओएफ=’ पुढे जे नाव लिहाल त्यावर ती सुरुवातीपासून लिहीत सुटते. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं. पेनड्राइव्ह एसडीबी असताना एसडीए टाइप झालं, तर पहिल्याच क्षणी पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) पुसलं जातं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण पक्का आहे. पेनड्राइव्ह न लावता ‘एलएसबीएलके’ (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवा, मग लावून पुन्हा चालवा. जी ओळ नव्याने दिसली, ती तुमची. तरी आकार ताडून पाहा. एलएसबीएलके 1024 च्या हिशेबाने मोजतं, म्हणून 1 टीबीची डिस्क 931.5जी अशी दिसते आणि 16 जीबीचा पेनड्राइव्ह 14-15जीच्या घरात. ‘-ओ’ देऊन मॉडेल आणि ट्रॅन हे कॉलम मागितले तर कोणती डिस्क यूएसबीवर आहे तेही कळतं. कालचं नाव आज गृहीत धरू नका. ही नावं कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क ज्या क्रमाने सापडतात तशी मिळतात, रीबूटनंतर ती बदलू शकतात. अप ॲरो दाबून मागच्या आठवड्यातली डीडीची ओळ जशीच्या तशी चालवणं हा म्हणूनच सगळ्यात वाईट शॉर्टकट.

आणखी दोन चुका इथेच होतात. एक, आयएसओ (इन्स्टॉलची इमेज फाइल) लिहिताना एसडीबीऐवजी एसडीबी1, म्हणजे तिचं पहिलं पार्टिशन, देणं. इमेज पार्टिशनच्या आत जाऊन बसते आणि पेनड्राइव्ह बूट होत नाही. दुसरी म्हणजे घाई. कमांड संपल्यासारखी वाटते, पण डेटाचा मोठा भाग अजून रॅममध्येच असतो. ‘सिंक’ टाइप करा आणि प्रॉम्प्ट (कमांड लिहायची जागा) परत येईपर्यंत पेनड्राइव्हला हात लावू नका. साध्या फाइली कॉपी केल्यावरही ‘इजेक्ट’ करायचं ते याचसाठी.

चुकीची डिस्क पकडली गेलीच, तर कंट्रोल-सी दाबा आणि मशीन लगेच रीबूट करू नका. जुनं पार्टिशन टेबल बहुधा कर्नलच्या स्मरणात अजून असतं, तेवढ्यात एलएसबीएलकेच्या आउटपुटचा फोटो काढून ठेवा. जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) डिस्कवर टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, आणि टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम हरवलेली पार्टिशनं शोधू शकतं. जिथपर्यंत लिहून झालं तिथला डेटा मात्र परत येत नाही.

एफएसटॅबमधली एक ओळ

नवीन डिस्क लावली, ती आपोआप माउंट व्हावी (वापरासाठी जोडली जावी) म्हणून ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब या डिस्कांच्या यादीच्या फाइलमध्ये ओळ लिहिली आणि रीबूट केलं. स्क्रीनवर ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ असं काहीतरी येतं आणि दीड मिनिटाचा काउंटर चालू होतो. तो संपला की इमर्जन्सी मोड. त्यातून काही डिस्ट्रोंवर रूट (सर्वाधिकारी) खातं बंद असतं, म्हणजे तिथेही आत जाता येत नाही.

बहुतेक वेळा यूयूआयडीमधलं (पार्टिशनच्या कायम ओळखक्रमांकातलं) एखादं अक्षर चुकलेलं असतं, नाहीतर ती बाहेरची डिस्क त्या दिवशी लावलेलीच नसते. फाइल सेव्ह केल्यावर रीबूट न करता आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि मग ‘माउंट -ए’ चालवा. चूक असेल तर ती इथेच, चालू मशीनवर, ओरडून सांगेल. बूट होण्यासाठी जी डिस्क लागत नाही तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा ऑप्शन घाला, म्हणजे ती नसली तरी मशीन सुरू होतं. आणि एसडीबी1 वगैरे न लिहिता यूयूआयडीच लिहा. कारण वर आलंच आहे.

अडकलातच तर लाइव्ह यूएसबीवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं अशा पेनड्राइव्हवरून) बूट करून रूट (मुख्य) पार्टिशन माउंट करा, त्यातली एफएसटॅब उघडा आणि त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, म्हणजे ती वाचली जात नाही. पाच मिनिटांचं काम आहे. यासाठी डिस्ट्रो पुन्हा टाकणारे लोक असतात, त्याची अजिबात गरज नाही. लाइव्ह यूएसबी मात्र आधीपासून तयार हवा.

जागा आहे, तरी ‘जागा नाही’

‘डीएफ -एच’ पाहिलं की कोणतं पार्टिशन भरलंय ते कळतं. वेगळं बूट पार्टिशन असेल तर जुने कर्नल साठून ते भरतं आणि अपडेट अर्धवट अडकतो. उबुंटू-डेबियनवर ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने काम होतं. बूट फोल्डरमधल्या फाइली हाताने उडवू नका, आणि सध्या चालू असलेला कर्नल कोणता ते ‘यूनेम -आर’ विचारल्याशिवाय तर नकोच.

जागा शिल्लक दिसत असूनही फाइल बनत नसेल तर ‘डीएफ -आय’ पाहा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपवलेले असतात. उलटा प्रकारही होतो: मोठा लॉग डिलीट केला, तरी जागा मोकळी झाली नाही. कोणत्यातरी प्रोग्रॅमने ती फाइल अजून उघडी धरलेली असते. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करा, जागा परत मिळते.

777 आणि सुडोची सवय

‘परमिशन डिनाइड’ दिसलं की सीएचमॉड 777 (सगळ्यांना सगळे अधिकार देणारी कमांड) मारायचं, हा सल्ला अजूनही फिरतो. सगळ्या सिस्टिमवर ‘-आर’ (आतल्या सगळ्या फाइलींसकट) लावून तो चालवला तर सुडोच (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्रॅम) काम करेनासं होतं, कारण सुडोअर्स ही सुडो कोणाला वापरता येईल ते ठरवणारी फाइल कोणालाही बदलता येत असेल तर सुडो तिच्यावर विश्वास ठेवत नाही. एसएसएच (दुसऱ्या मशीनमध्ये लॉगिन करायचा प्रोग्रॅम) देखील अशी उघडी पडलेली खासगी की (लॉगिनची किल्ली) नाकारतं. फाइल कोणाच्या मालकीची आहे ते ‘एलएस -एल’ने पाहा. बहुतेकदा ‘चोन’ (सीएचओडब्ल्यूएन) कमांडने मालक बदलला की पुरतं.

सुडो लावून पिप (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजं टाकणारं साधन) चालवणंही तसंच. डिस्ट्रोचे स्वतःचे कितीतरी प्रोग्रॅम त्याच पायथनवर चालतात. 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असं सांगून अडवतं. त्याच मेसेजमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (सिस्टिमपासून वेगळ्या पायथन फोल्डरचा) रस्ता दिलेला असतो, तरी लोक ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ लावतात. ऑप्शनचं नाव याहून स्पष्ट काय ठेवायचं?

बिघडल्यावर

डेस्कटॉप गोठला म्हणून लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. कंट्रोल-आल्ट-एफ3 दाबून पाहा. लॉगिन आलं तर कर्नल जिवंत आहे, फक्त ग्राफिक्स पडलंय, आणि तिथून प्रोग्रॅम मारता येतो. रीबूट झालंच असेल तर ‘जर्नलसीटीएल -बी -1 -पी 3’ने मागच्या बूटमधल्या चुका वाचता येतात. मागच्या बूटचं काहीच मिळालं नाही तर व्हार-लॉगमध्ये ‘जर्नल’ फोल्डर आहे का ते बघा. डिफॉल्ट सेटिंगमध्ये ते नसेल तर लॉग फक्त रॅममध्ये राहतात आणि रीबूटबरोबर जातात.

एका वेळी एकच बदल करा. ड्रायव्हर, कर्नल आणि डेस्कटॉप थीम एकाच दुपारी बदलल्यावर दोष कोणाचा ते कळायला मार्ग उरत नाही. बदललेल्या प्रत्येक सेटिंग फाइलची प्रत त्याच फोल्डरमध्ये ‘.बॅक’ लावून ठेवा. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तारीख, कमांड आणि कारण लिहा. सहा महिन्यांनी हे कारणच आठवत नाही.

टाइमशिफ्ट या सिस्टिमच्या प्रती ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबून राहणाऱ्यांसाठी एक सूचना: ते डिफॉल्टने होम फोल्डरमधल्या तुमच्या फाइली घेत नाही. ते सिस्टिम मागे नेण्यासाठी आहे, फोटो वाचवण्यासाठी नाही. त्यासाठी आरसिंक हा फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम वेगळा चालवा, बाहेरच्या डिस्कवर. तिथेही सोर्स (मूळ) फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरच जातो. ‘--डिलीट’ (सोर्समध्ये नसलेल्या फाइली प्रतीतूनही काढणारा ऑप्शन) लावणार असाल तर आधी ‘--ड्राय-रन -व्ही’ लावून एकदा चालवा. ‘डिलीटिंग’ने सुरू होणाऱ्या ओळी अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या, तर सोर्स आणि डेस्टिनेशनची अदलाबदल झाली आहे का ते तपासा.