इंग्रजांचं पळतं, आपलं चालतं

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत लागून मला चारच महिने झाले होते. निफाड तालुक्यातल्या मराठी शाळेतून दहावी, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा. इंग्रजी वाचता यायचं, लिहायला बसलं की घाम फुटायचा. तशात परदेशी कस्टमरचे मेल बघणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

एका शाफ्टच्या, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याच्या, ड्रॉइंगमध्ये बारीकसा बदल आला होता. मेलमध्ये लिहिलं होतं, ‘प्लीज रन धिस बाय युवर क्वालिटी हेड.’ रन म्हणजे मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, चालवणं, हे कारखान्याच्या शॉपवर दिवसभर कानावर पडत होतं. बाय म्हणजे शेजारी, हे शाळेत पाठ केलेलं. मी अर्थ लावला: क्वालिटी हेडला शेजारी उभं करा आणि जॉब चालवा. तस्संच केलं! साहेबांना सीएनसीपाशी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनपाशी, बोलावलं, नव्या मापाने चाळीस पीस काढले. साहेबांनाही वाटलं, कस्टमरचीच तशी इच्छा असेल. संध्याकाळी फोनवर उलगडा झाला. कस्टमरचं म्हणणं एवढंच होतं, की हा बदल साहेबांच्या कानावर घाला, त्यांचं मत कळवा. बदल अजून पक्का व्हायचाच होता. चाळीसच्या चाळीस पीस भंगारात.

त्या रविवारी टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. १८४० सालची संस्था, तिथे इंग्रजीचा जाडजूड कोश नक्की असणार हा हिशेब. ‘रन’ची नोंद उघडली तर पानं उलटतोय, पण ती संपेचना. पुढे वाचनात आलं, की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ हे क्रियापद सगळ्यांत लांब होतं, सुमारे ४३० अर्थांचं. नव्या आवृत्तीचं काम सुरू असताना, २०११च्या सुमारास, ‘रन’ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! एवढे पाठ करायचे म्हणजे पेन्शनच घ्यावी लागेल.

पण वही घेऊन बसलो आणि पहिल्या वीस वाक्यांपुढे मराठी लिहीत गेलो तेव्हा एक गंमत दिसली. ‘पळणे’ किंवा ‘धावणे’ फार कमी वेळा आलं. मशीन चालतं, दुकान चालतं, घड्याळ चालतं, नाटक तीन तास चालतं. शुगरचा त्रास घराण्यात चालत आलेला असतो. इंग्रजीत हे सगळं पळतं, आपल्याकडे सगळं चालतं. ‘रन’ दिसलं की आधी ‘चालणे’ लावून बघायचं, ही माझी पहिली किल्ली. सगळीकडे लागत नाही अर्थात. नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, मुंबई नाक्यावर लोक सिग्नल तोडतात. यातलं एकही चालत नाही, तरी इंग्रजीत तिन्ही ठिकाणी रनच.

दुसरी किल्ली शेपटाची. बाय, आउट, इन्टू, थ्रू, ओव्हर हे इवलेसे शब्द मी वाचताना गाळून टाकायचो, आणि खरा अर्थ तिथेच बसलेला असायचा. आपल्याकडे बघा ना. कुत्रं अंगावर येतं, लबाडी अंगाशी येते, देवी अंगात येते, सदरा अंगाला येतो. ‘येणे’ तेच. मराठी शिकणाऱ्या माणसाने ‘अंग’ आणि ‘येणे’ वेगवेगळे पाठ केले तर कुत्र्याला आणि देवीला एकच नमस्कार करेल. तसं रन इन्टू म्हणजे अचानक गाठ पडणं, रन थ्रू म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नजर फिरवणं. मीटिंग रन ओव्हर झाली म्हणजे कोणी चिरडलं गेलं नाही, वेळेच्या पुढे गेली एवढंच.

आता ‘रनआउट’. क्रिकेटमुळे वाटतं, हा तर घरचाच शब्द. शॉपवर मात्र त्याचा अर्थ निराळा. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर, ठेवायचा, वर डायलचं, म्हणजे बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाचं, टोक टेकवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि शाफ्टला हाताने सावकाश एक फेरा द्यायचा. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढा हलला तेवढा रनआउट. आमच्या शाफ्टला वीस मायक्रॉनपर्यंत मुभा होती; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि एका सकाळी मेल: ‘वुई हॅव रन आउट ऑफ शाफ्ट्स.’ आमचा जुना इन्स्पेक्टर तो वाचून डायल काढायला धावला. मी त्याला थांबवलं, कारण ‘ऑफ’ दिसलं होतं. त्यांच्याकडचे शाफ्ट संपले होते. इन्स्पेक्शन नको होतं, माल पाठवायला हवा होता. त्या दिवशी पहिल्यांदा कॅन्टीनमध्ये माझ्या मिसळीचे पैसे दुसऱ्याने भरले.

वहीबद्दल एवढंच सांगतो, की सुटा शब्द कधीच लिहू नका. ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा, कुणी कशावरून म्हटलं ते लिहा, शेजारी मराठी क्रियापद आणि खाली आपल्या कामातलं एक स्वतःचं वाक्य. दिवसाला दोन पुरेत. शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी कोश मोबाइलवर फुकट बघता येतात, त्यात उदाहरणं भरपूर असतात. अर्थ सोडा, उदाहरणं वाचा. व्याकरणातलं एकच ध्यानात ठेवा: रन, रॅन, रन. ‘हॅव रॅन’ लिहून मी दोन वर्षं लाज काढली.

एक अवांतर. अमेरिकेत माणूस निवडणुकीला ‘रन’ करतो, इंग्लंडमध्ये ‘स्टँड’. आपणही उभेच राहतो. या एका बाबतीत आपलं साहेबाशी जमलं.

गेल्या वर्षी तोच चाळीस पिसांचा कस्टमर प्लांट बघायला आला. दोन दिवस हिंडल्यावर त्याने विचारलं, तुम्ही सगळे फोनवर सारखं ‘चालेल, चालेल’ म्हणता ते काय? मी म्हटलं, शब्दशः ‘इट विल वॉक’. तो हसत सुटला. जाण्याआधी त्याने नवं ड्रॉइंग पुढे सरकवलं. रनआउट वीसवरून पाच मायक्रॉनवर आणला होता, भाव मात्र जुनाच. त्यावर बोट ठेवून तो मोठ्या ऐटीत म्हणाला, “चालेल?”

मी म्हटलं, “नाही चालणार.”