घड्याळाच्या स्टील पट्ट्याचं लॉक आपोआप सुटत असेल तर

वडिलांचं जुनं स्विस घड्याळ. स्टीलचा पट्टा, दुमडून दाबायचं साधं लॉक, बटणवालं नव्हे. मनगट वाकलं की लॉक सुटायचं. बडोद्याच्या दांडिया बाजारात स्कूटरचा ब्रेक दाबताना एकदा घड्याळ पार पंजापर्यंत घसरलं.

एक कडी काढून पट्टा घट्ट केला, तर ताण वाढून जास्तच सुटायला लागलं. मांडवीजवळच्या एका दुकानात म्हणाले, नवीन लॉकच लागेल. वैताग आला.

शेवटी जमलं ते असं. आधी पट्टा घड्याळापासून सोडवला. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ टूथब्रश. लॉकच्या खाचेतून काळा मळ निघाला. निम्मं दुखणं तेच! कोरडं करून भिंगातून पाहिलं, तर लॉकच्या झाकणाच्या टोकाची जी कड खाली अडकते, ती जराशी बाहेर फाकलेली. पकडीच्या जबड्यांना कापडी टेप गुंडाळून ती केसभर आत दाबली. लावून पाहिलं: सैलच. पुन्हा केसभर. तिसऱ्या खेपेला 'टक्' वाजलं. तिथंच थांबायचं, पुढेमागे वाकवत बसलात तर कड तुटते. सोन्याच्या पट्ट्यावर मात्र हा प्रयोग घरी नको.

आठ महिने झाले, सुटलेलं नाही.