मॉस्को खटल्यातले कबुलीजबाब वाचायचे कसे

आमच्या अमळनेरला मिलचा लाल बावटा बघितलेली मंडळी अजून आहेत आणि मॉस्को खटल्यांचा (१९३६ ते ३८ ला स्टालिनने जुन्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांवर कटाचे आरोप ठेवून चालवलेले जाहीर खटले) विषय निघाला की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "अहो भाऊ, त्यांनीच कोर्टात कबूल केलं ना!" तर ज्यांना ते जबाब स्वतः वाचून बघायचेत त्यांच्यासाठी हे.

पहिले भाषणबाजी सोडा आणि जागा-तारीख धरा, शेत घेताना आपण फेरफार काढतो तसं. ऑगस्ट १९३६ च्या खटल्यात गोल्त्समन नावाचा आरोपी सांगतो की १९३२ ला कोपनहेगनच्या हॉटेल ब्रिस्टॉलमध्ये ट्रॉट्स्कीच्या (स्टालिनचा देशाबाहेर घालवलेला विरोधक) पोराला भेटायचं ठरलं होतं. सोळाच्या सोळा आरोपींना गोळ्या घातल्या आणि थोड्याच दिवसांत डॅनिश पेपरने छापलं की ते हॉटेल तर १९१७ लाच बंद झालंय! पुढच्या खटल्यातला आरोपी प्याताकोव, त्याचं पण तेच, म्हणे डिसेंबर १९३५ ला ट्रॉट्स्कीला भेटायला विमानाने ऑस्लोला गेलो, तिकडचे विमानतळवाले म्हणतात त्या महिन्यात बाहेरचं विमान उतरलंच नाही.

मग पलटी कुठे मारली ते शोधा. तिसऱ्या खटल्यातला आरोपी क्रेस्तिन्स्की २ मार्च १९३८ ला भर कोर्टात म्हणाला मी दोषी नाही, तपासात दिलेला जबाब खोटा आहे, अन् दुसऱ्या दिवशी सगळं कबूल. मधे फक्त एक रात्र गेली. त्याच खटल्यातला बुखारिन, लेनिनचा जुना सहकारी, अजून तयारीचा, आरोपींच्या गटाची सगळी जबाबदारी घेतो पण लेनिनला मारायचा कट म्हटलं की साफ नाही म्हणतो, म्हणून नुसता निकाल बघून पुस्तक मिटू नका, त्याची उलटतपासणी पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचा.

नंतर स्टालिनच्या मागून पक्षाचा सेक्रेटरी झालेल्या ख्रुश्चेवचं २५ फेब्रुवारी १९५६ चं भाषण घ्या. १९३४ च्या पक्ष काँग्रेसने (म्हणजे अधिवेशनाने) निवडलेल्या १३९ केंद्रीय समिती सदस्य-उमेदवारांपैकी ९८ जणांना पकडून मारलं, हा आकडा त्यातलाच. पकडलेल्या पुढाऱ्यांपैकी आइखेचं पत्र पण त्यात आहे, बरगड्या मोडलेल्या, त्या नीट जुळलेल्या नाहीत हे माहीत असून तिथेच त्रास द्यायचे. पक्षाचाच सेक्रेटरी बोलतोय, म्हणजे "अमेरिकेचा प्रचार" हे उत्तर चालत नाही. अर्थात ख्रुश्चेव काही धुतल्या तांदळाचा नव्हता, बुखारिनला निर्दोष ठरवायला १९८८ उजाडलं.

आणि सगळ्यांचे खटले जाहीर झाले नाहीत बरं का. सरोजिनी नायडूंचा सख्खा भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, जर्मनीतून तिकडे गेलेला कम्युनिस्ट, त्याचा कुठलाच जाहीर जबाब नाही. तिथे फक्त तारखा मोजा, जुलै १९३७ ला उचलला, २ सप्टेंबरला गोळी घातली.