सुट्टीच्या दिवशी दुप्पट शिजवा
कामाच्या दिवशी जेवायला काय करायचं हे ठरवताना आधी घड्याळ बघा, चव नंतर. ३० मिनिटांत गॅस बंद झाला पाहिजे. सोलणं, भिजवणं, मंद आचेवर तासभर रटरटत ठेवणं हे सगळं सुट्टीवर ढकला आणि त्या दिवशी असा वेळखाऊ पदार्थ मुद्दाम दुप्पट करा. उरलेला अर्धा २ तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये. खोल पातेल्यात मधला भाग बराच वेळ कोमटच राहतो. ३-४ दिवसांत संपणार नसेल तर फ्रीझर, झाकणावर तारीख लिहून. (नाहीतर महिन्याने डबा हातात घेऊन ‘हे काय होतं?’ असं घरभर विचारत फिरायचं.) नवीन पदार्थही सुट्टीलाच, बुधवारी रात्री भुकेल्या पोरांवर प्रयोग नकोत.