बाबांचा पंच आणि दादरा

2020चा गुढीपाडवा 25 मार्चला होता, म्हणजे देशभरच्या लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. पाडवा पहाटेची सुपारी अर्थातच गेली. (ऑर्केस्ट्राच्या लाइनीत बुकिंगला सुपारीच म्हणतात, नवीन असाल तर दचकू नका.) पाठोपाठ लग्नसराई, गणपती, दिवाळी पहाट, सगळंच धुऊन निघालं. एका आयोजकाकडे आधीच्या दोन कार्यक्रमांची बिदागी अडकली होती, ती अजून अडकलेलीच आहे. जूनमध्ये बाबा गेले.

या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना ‘दुःखातूनच खरं गाणं येतं’ असं कुणीतरी हमखास ऐकवतं. मला तीन महिने काहीही आलं नाही. पेटीवरचं कापडसुद्धा काढलं नव्हतं. वहीत ‘बाबा, तुमच्याविना’ छापाच्या ओळी खरडायचो आणि सकाळी वाचून लाज वाटायची.

एका तबलजी मित्राने फोनवर दम दिला, ‘गाणं राहू दे रे. रोज दहा मिनिटं नुसता सा धरून बस.’ बसलो. हात भात्यावर, श्वास लांब, तेवढ्यापुरतं डोकं घराच्या हप्त्यावरून उतरायचं. पंधरा दिवस यापलीकडे काही घडलं नाही, आणि तेही पुष्कळ होतं.

बाबा एसटीत कंडक्टर. तिकिटाला भोक पाडायचा पंच दांडीवर टिकटिक वाजवत ते गर्दीतून पुढे यायचे. कपाट आवरताना तो पंच सापडला. टेबलावर सहज वाजवला, तर बोटं आपोआप दादऱ्यात शिरली. सहा मात्रांचा ताल. मुखडा त्याच संध्याकाळी झाला. त्यात ‘दुःख’ हा शब्द नाही, बाबांचं नाव नाही. सुट्टे पैसे आहेत, ओली छत्री आहे आणि ‘पुढे सरका’ आहे. अंतऱ्याने मात्र आठ दिवस खाल्ले. ‘सरका’ला ‘परका’ सोडून यमक सुचेना, आणि ‘परका’ घातला की गाणं लगेच रडायला लागायचं.

मला सावरलं ते त्या आठ दिवसांनी. ओळीत एक मात्रा जास्त होतेय, ती कुठून काढू, या विचारात आंघोळ व्हायची, जेवण व्हायचं, रात्री झोपही लागायची. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, ऐन तिशीत वैधव्य आलं. त्यांची गाणी झाली ती घरात-शेतात राबताना. मुलाने टिपून ठेवली म्हणून 1952मध्ये पुस्तक निघालं. तुम्ही निदान मोबाईलचा रेकॉर्डर हाताशी ठेवा.

पण रेकॉर्ड केलेलं लगेच कुणाला पाठवू नका. मी रात्री दोनला ग्रुपवर टाकलं. सकाळी सात हात जोडलेले इमोजी आणि एक ‘छान’. त्या ‘छान’ने पुढचे दोन आठवडे पेटी बंद.

पोटापाण्यासाठी ऑनलाइन शिकवण्या धरल्या. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र वाजवणं जमतच नाही. अलंकार, म्हणजे सुरांच्या सरावाच्या रचना, आणि धडे करून घ्यायचे. कंटाळवाणं काम, पण घराचा हप्ता निघेल इतके विद्यार्थी मिळाले. गाण्यानेच मन सावरावं आणि गाण्यानेच घर चालावं, एवढा बोजा एका पेटीवर टाकू नये. आणि झोप, जेवण दोन्ही तुटलं असेल तर सरळ डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आता आहे, तेव्हा नव्हता.

22 ऑक्टोबर 2021ला नाट्यगृहं पुन्हा उघडली. त्याच्या आदल्या आठवड्यात गाणं आईला ऐकवलं. ती शेवटपर्यंत शांत बसली आणि म्हणाली, ‘पंच ते डाव्या हातात धरायचे. तू उजवा म्हटलास.’

‘उजव्या’च्या जागी ‘डाव्या’ बसलं, मीटरला धक्का नाही, पण पुढच्या ओळीतलं यमक गेलं. आणखी दोन दिवस.